रविवारचा चोर

मी बीकॉम आहे. घराण्यात पहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी चोर आहे.

पनवेलच्या मागच्या अंगाला एका फार्महाउसवर दर रविवारी राखणीच्या कुत्र्यांच्या खेळाचा सराव चालायचा. त्यात एक माणूस चोर होतो, त्याला हेल्पर म्हणतात. हातावर तागाची जाड बाही चढवायची आणि मैदानातल्या तंबूत लपायचं. कुत्र्याने शोधून काढलं की त्याने चावायचं नाही, समोर उभं राहून भुंकायचं. हेल्परने हलायचं नाही. चोर पळाला तरच कुत्र्याने बाही धरायची. घट्ट धरली की आपण बाही सोडून द्यायची, म्हणजे कुत्र्याला वाटतं, जिंकलो. असं हरून हरून मी एका बिल्डर शेठचा जर्मन शेफर्ड तयार केला. पिल्लू असताना प्लास्टिकची पिशवी फडफडली तरी तो शेठच्या पायांत शिरायचा.

पण एकाच हेल्परवर वाढलेला कुत्रा चोर ओळखत नाही, माणूस ओळखतो. मी म्हणालो, "शेठ, आता दुसरा हेल्पर आणा."

"दुसऱ्याचा हात लागला की कुत्रा बिघडतो. तू बाही घाल, डोकं नको लावू."

कॉलेजात याच डोक्याला मार्क मिळाले होते. इथे नुसता हात हवा होता.

पुढे या खेळाची स्पर्धा आली. स्पर्धेला हेल्पर बाहेरचा, असा नियम. मी इस्त्रीचा शर्ट घालून मैदानाभोवतीच्या दोरीपाशी उभा, शेजारी खुर्चीवर बाप. तो जासईला कंटेनर यार्डात वॉचमन. गावात सांगायचा, "पोरगा ट्रेनर हाय." ते खरं आहे हे त्याला एकदा डोळ्यांनी दिसावं, म्हणून मीच त्याला आणलं होतं.

शेठने कुत्रा सोडला. एकेक तंबू हुंगत तो शेवटच्या तंबूशी गेला. आत पुण्याचा हेल्पर बाही चढवून उभा. चुकीच्या घराची बेल वाजवल्यावर आपण बघतो, तसं कुत्र्याने त्याच्याकडे बघितलं. मग वळला. सगळं मैदान ओलांडून, दोरीखालून, सरळ माझ्यासमोर आला आणि भुंकायला लागला.

काय भुंकला! छाती पुढे, कान ताठ, पाऊल जागचं हलत नाही. वर्षभर मी हेच मागत होतो.

"चोर सापडला रे!" गर्दीतून आवाज आला.

"खिसे तपासा त्याचे!"

शेठ ओरडला, "अरे, हाकल त्याला!"

मी हललो नाही. हललो असतो तर तो झेपावला असता, आणि हातावर बाही नव्हती. बाजूला बाप होता. लोक हसत होते आणि मी खांबासारखा उभा.

कुत्रा बाद झाला. पट्टा लावताना शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यानेच बिघडवला."

त्या संध्याकाळी आईने बापाला विचारलं, "काय काम करतो त्यो तिथं?"

बापाने शर्ट काढून खुंटीला लावला. "उभा रातो," म्हणाला.

पुढच्या रविवारी शेठने दुसरा हेल्पर आणला. मी मागत होतो तसाच. फक्त माझ्या जागी.

आता गावात कोणी विचारलं तर बाप सांगतो, "पोरगा बीकॉम हाय." आणि करतो काय, असं विचारलं की बिडी पेटवतो.