चिमटीतलं गुलाबी बी

आधी याडीचं सांगते, मग बाकीचं. मारेगावकडच्या ज्या गावात आम्ही सध्या राहतो, तिथल्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. जवळच्या तांड्यावरची, साठीला आलेली बंजारा बाई. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तांड्यावरची पोरं म्हणायची, मग गावातली म्हणायला लागली, आता पोरांच्या आयाही म्हणतात. माझी लेक आज दारात बसून माझ्याशी भांडते आहे ती या याडीमुळे. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकते. पुढचं लिहिताना माझा हात अडेल, आणि मग हेच राहून जाईल.

आम्ही इकडचे नाही. वैनगंगेच्या काठचे, धानाच्या मुलखातले. मी पाचवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत धाकट्या भावाला धरायला घरी कोणीतरी लागायचं. एक रोवणी गेली, दुसरी गेली, मग गुरुजींनी हजेरीत माझं नाव घेणंच बंद केलं. यंदा पाडव्याला नवरा इथल्या एका शेतकऱ्याकडे सालगडी म्हणून राहिला आणि मालकाच्या शेतातच आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आमच्याकडे धानाच्या बांध्यांमध्ये पाणी असतं, पाण्यात आभाळ दिसतं. इथे दारातून पाहिलं की काळी माती, आणि तिच्या पलीकडेही काळीच माती. माणूस दिसला तर लांबूनच दिसायचा, आणि कोणीच दिसलं नाही की जास्त भीती वाटायची.

लेक साडेतीन वर्षांची. बोलायला चुरूचुरू, पण बोटांत जोर नाही. पोळीचा तुकडा घ्यायचा तरी सगळी मूठ घालायची. हे मला घरी कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते अंगणवाडीत एक नवी पेटी आली तेव्हा.

लाकडाची पेटी. झाकणाला गोल, चौकोनी, तिकोनी भोकं आणि त्यात टाकायचे लाल, पिवळे, निळे ठोकळे. सोबत काठीत ओवायच्या चकत्या, आणि रंगाप्रमाणे वाटीत टाकायचे मोठे मणी. म्याडम, म्हणजे अंगणवाडीच्या बाई, ती कपाटात कुलपात ठेवायच्या आणि बुधवारी काढायच्या. "याले खेळनं समजू नका," त्या आम्हा आयांना म्हणाल्या. "आज मणी चिमटीत धरला, तं उद्या पेन्सिल धरन."

सगळ्या पोरांनी मणी उचलले. माझ्या लेकीने पंजा मारला. मणी खोलीभर उधळले.

"तुही पोरगी तं फावड्यावानी उचलते वं," एक बाई म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मीही हसले. त्या दिवशी घरी येताना मात्र लेकीचा हात मी जरा जास्तच घट्ट धरला होता.

म्याडमनी मला मागे थांबवलं. पंधरा दिवसांनी वरून तपासणी होती, प्रत्येक मुलाचं कार्ड भरायचं होतं. "चिमटी नाही जमली तं तालुक्याले दाखवा लागन. घाबरू नोका, पन घरी सराव घ्या. तूर, हरभरा, चिंचोके, घरात असन ते मिसळून द्या अन् येगळं करू द्या."

घाबरू नका म्हटलं की मी घाबरते. मला वाटलं, एकदा कार्डावर लिहिलं गेलं की झालं. माझं नाव हजेरीतून गेलं होतं, हिचं आत यायच्या आधीच जाईल.

घरी तूर आणि हरभरा दिला. एक दिवस खेळली, मग कंटाळली. तूर तांबूस, हरभराही तसाच. पेटीसारखे रंग कुठून आणू? तेव्हा मला फळीवरची बरणी आठवली. जुनी चहाची बरणी, तिच्यात गुलाबी बिया. पेरणीनंतर उरलेलं कपाशीचं बी. जिथे उगवलं नाही तिथे पुन्हा डोबायला, म्हणजे हाताने मातीत खोचायला म्हणून मालकाने ठेवायला दिलेलं. पाकीट फाटलं होतं, उंदीर खातील म्हणून नवऱ्याने बी बरणीत ओतलं होतं. रिकामं पाकीट मी खिडकीच्या फटीत कोंबलं होतं, वारा येऊ नये म्हणून.

आता हे कसं समजावून सांगू. आमच्याकडे बी म्हणजे धानातलं सगळ्यात चांगलं धान. बाबा ते वेगळं काढायचे, आई त्याला हात जोडायची, आणि एखाद्या वाईट वर्षी तेच शिजवून आम्ही खाल्लेलं आहे. बी कधी वाईट असेल हे माझ्या डोक्यातच कुठे नव्हतं. डोबणीहून परतणाऱ्या बायांची बोटं गुलाबी झालेली मी पाहिली होती. मला वाटलं, इकडे बी रंगवतात, नवरीसारखं. छान वाटलं होतं मला ते.

वाटीत तूर आणि गुलाबी बी मिसळून दिलं. लेक हरखली. पण बी गुळगुळीत, चिमटीतून निसटायचं. ती रडकुंडीला आली. तेव्हा मी तिला युक्ती सांगितली. पानं उलटायला गुरुजी करायचे तीच.

"जिभेला बोट लाव. ओलं कर. मग उचल."

चिकटलं. तिने बी उचललं, वाटीत टाकलं, माझ्याकडे पाहिलं. जिभेला बोट, बी. जिभेला बोट, बी. मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंची एक कोंबडी आमच्या भिंतीपाशी पाय वर करून पडलेली दिसली. आदल्या दिवशी ती अंगणात आमच्या वाटीभोवतीच टोचत होती. नवरा म्हणाला, "मानमोडी आली असन." त्याने खड्डा करून पुरली. मी अंगण झाडलं आणि पुन्हा वाट्या मांडल्या.

तिसऱ्या दिवशी तुरीच्या वाटीला मुंग्या लागल्या. गुलाबी वाटी शेजारीच होती, तिच्यात एकही नव्हती. काठापर्यंत यायच्या आणि वळायच्या. मी ते बघत बसले होते. मनात म्हटलं, बघ, किती चांगलं बी आहे, कीड लागत नाही. असं खरंच म्हटलं होतं मी.

त्या दुपारपासून लेक जेवेना. तोंडातून लाळ गळायची, ओढणीने पुसावी तर पुन्हा. मला वाटलं दाढा येत असतील. पण चिमटी जमली होती! तपासणीला आठवडा उरला होता.

चौथ्या दिवशी तिला कडेवर घेऊन अंगणवाडीत गेले. खिचडीच्या आधी याडी सगळ्या पोरांचे हात धुते. घमेलं घेऊन बसते, एकेकाचं नख उघडून पाहते, चिडवते. "तुह्या नखात तं एक एकर जमीन हाय रे, सातबारा कोनाच्या नावानं हाय?" पोरं खिदळतात. माझ्या लेकीचा हात तिने पाण्यात बुडवला आणि पाणी गुलाबी झालं.

याडी हसायची थांबली.

"हे काय हाय वं?"

मला अभिमानच वाटला. "बी हाय, याडी. घरी येगळं करते. आता चिमटीत धरते, दाखव वं बेटा."

लेकीने दाखवलं. आधी बोट जिभेला लावलं, मग जमिनीवर सांडलेला तांदळाचा दाणा उचलला.

याडीने तिचा हात हवेतच पकडला. "कपाशीचं बी? तोंडात घालते?"

"खात नाही. नुसतं चाटते."

"ये याडी!" म्हातारी स्वतःच्या आईला हाक मारावी तशी ओरडली. "अवं, त्याले जहर लावलं असते! आमी डोबून आल्यावर साबनानं हात धुतल्याबिगर पानी नाही पेत. पाकीट कुठं हाय?"

"खिडकी," मी एवढंच म्हणाले. तेवढ्यात लेकीने माझ्या खांद्यावर ओकारी केली. मान एका बाजूला टाकली.

"तू पोरीले घेऊन रोडवर जाय. जीप थांबव. मी पाकीट आनतो. डाक्टर पह्यले तेच इचारन."

साठ वर्षांची बाई चपला हातात घेऊन चिखलातून धावली. पाऊण कोसभर जाऊन येऊन. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण कोणतं पाकीट ते तिला माहीत होतं. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या शेतात डोबणीला गेलेली आहे. मी रोडवर उभी होते आणि लेकीला सारखी विचारत होते, मी कोण, मी कोण? ती "आई" म्हणायची, दर वेळी थोडं उशिरा.

म्याडमही रोडवर आल्या होत्या, त्यांच्या सांगण्यावरून जीपवाल्याने याडी परत येईपर्यंत गाडी थांबवून धरली होती. त्याला काही कळलं नव्हतं. "काय याडी, बजारले काय आज?"

"दवाखान्यात. गाडी चालव, तोंड नोको चालवू."

याडीने आणलेलं पाकीट माझ्या हातात होतं. इतके दिवस त्याची पाठ फटीत दडलेली होती. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं, मी एकेक अक्षर बोटाने लावत वाचलं. विषारी औषध लावलेले बियाणे. खाऊ नये. मुलांपासून दूर ठेवावे. अक्षरांवरून फिरणारं माझं बोटही गुलाबी होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाकीट घेतलं, वाचलं, नर्सला काहीतरी भरभर सांगितलं. मग मला विचारलं, "किती दिवसांपासून?"

मला वाटत होतं, खरं सांगितलं तर पोरगी माझ्याकडून काढून घेतील.

याडीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "खरं सांग वं. लाज मंग करू."

"चार दिवस," मी म्हणाले. "मीच शिकवलं चाटायला."

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. पडदा ओढला. पडद्याखालून मला फक्त नर्सच्या चपला दिसत होत्या, इकडे जाणाऱ्या, तिकडे जाणाऱ्या. त्या थांबल्या की मी उठून उभी राहायची.

संध्याकाळी नवरा शेतातून तसाच आला. भीतीने माणूस आधी चिडतो. "तुले दिसलं नाही काय? काहून देल्लं तिले?"

मी काही म्हणायच्या आत याडी बोलली. "अन् तुले? चहाच्या बरनीत कोनं ठोवलं? मालकानं सांगतलं नसन, तुनं इचारलं नसन, अन् एकटी तिच्यावर कायले ओरडून राह्यला? बस तिथं. पोरीले पानी पाज." तो बसला. आणि मग रडला.

लेक दोन दिवस दवाखान्यात होती. याडी अंगणवाडीचं काम आटोपून दोन्ही दिवस आली. तिसऱ्या दिवशी लेकीने भात मागितला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली, पाकीट आणलं हे बरं केलं, पण महिनाभर लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय बघायचं, हे विचारायचं मला सुचलं नाही. म्हणून मी सगळंच बघते. ती झोपली की छाती हलते का बघते. तोंड पुसते आणि औषधाचा वास येतो का म्हणून ओढणी नाकाशी धरते.

तपासणी होऊन गेली. तिच्या कार्डावर चिमटीची जागा कोरीच आहे, म्याडम म्हणतात पुढच्या वेळी भरू. बरणी नवऱ्याने मालकाला परत नेऊन दिली.

मग एका दुपारी याडी आमच्या दारी आली, कमरेला पोटली. तिच्या लग्नातला घागरा होता, कवड्या आणि आरसे लावलेला. त्यातल्या कवड्या तिने एकेक टाका उसवून काढल्या होत्या. मोठ्या आणि लहान.

"हे घे. मोठ्या इकडं, लायन्या तिकडं. धुऊन आनल्या. तरी नजरेसमोर खेळू दे, अन् झालं की मोजून ठोव."

"याडी, घागरा उसवला तुमी?"

"मंग काय, या वयात नाचाले जातो काय?"

लेक आता दारात बसून त्याच कवड्या वेगळ्या करते. चिमटी येते तिला. पण प्रत्येक कवडी उचलायच्या आधी तिचं बोट जिभेकडे जातं. मी दर वेळी हात धरते, दर वेळी ती चिडते. "तूच सांगितलं!" म्हणते. खरंच आहे. चार दिवसांत शिकवलेलं मोडायला किती दिवस लागतील कोण जाणे. दारापलीकडे कपाशी गुडघ्याएवढी झाली आहे, आणि पुढच्या मृगात गावभर पुन्हा गुलाबी बोटं दिसतील. त्याआधी ती सवय गेली पाहिजे.

याडी, तुम्हाला हे कोणीतरी वाचून दाखवेल. कवड्या मी दररोज मोजते आहे, एकही हरवू देणार नाही. ज्या दिवशी माझी लेक बोट जिभेला न लावता सुई धरेल, त्या दिवशी आम्ही दोघी तांड्यावर येऊ. घागरा पसरून ठेवा. तुम्ही उसवलेला एकेक टाका तिच्याच हाताने परत घालून देईन.