चुंबक आणि काळी वाळू

आज मुलीच्या मत्स्यालयासाठी आणलेली काळी वाळू बादलीत धुताना माझा हात आपोआप चुंबकाकडे गेला. रायपूर नव्यानेच राजधानी झालं होतं, तेव्हा बाबा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात होते. माझ्या माशांसाठी त्यांनी तिथूनच डबाभर काळी, बारीक वाळू आणली. "पाहून घे, बाजारात अशी भेटत नाही," म्हणाले. गोल बाजारातल्या मासेवाल्याने मात्र मला बजावलं होतं, "दीदी, पहले चुंबक फिराना. चिपकी, तो मछली मरेगी." मी अंगणात डब्यावर चुंबक धरला, तर वाळू उठून त्याला काळ्या केसांसारखी चिकटली. "काहून, एवढ्यानं मरतात काय मासे?" बाबा खोकत खोकत हसले. शेजारी दोरीवर त्यांचा धुतलेला शर्ट वाळत होता. का कुणास ठाऊक, मी चुंबक त्याच्या छातीवरच्या खिशावरून फिरवला. तसेच काळे केस. आम्ही दोघांनी पाहिलं. वाळू तेवढी फेकली, माशांसाठी दुसरी आणली. सकाळी बाबा तोच शर्ट घालून पाळीवर गेले. ते मासे बाबांच्या मागेही जगले. आजची वाळू चिकटत नाही, तरी मी चुंबक फिरवतेच आहे.