रेकॉर्ड होणाऱ्या फोनवरची अक्का

मंगळवारी सकाळी अक्का गेली. दुपारी दहन झालं. बुधवारी मी सिमेंट कंपनीच्या निकालांवरचा अहवाल पाठवला.

अक्का माझी थोरली बहीण. ती तिरुविडैमरुदूरला राहायची, मी कुंभकोणमला. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारी चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही बोललो ती मराठी त्यांच्याबरोबर आलेली. आत्ता लिहितो आहे ती मी पुस्तकांतून शिकलो. आईवडील गेल्यावर घरची भाषा बोलायला आम्ही दोघंच राहिलो. रविवारी मी बसने तिच्याकडे जाई, पण तिच्या सुना तमिळ घरच्या. त्यांच्यादेखत त्यांना न कळणारं बोलणं तिला पटत नसे. त्यामुळे आमची मराठी फोनवर चालायची.

मी शेअर बाजारातल्या कंपन्यांचा अभ्यास करून अहवाल लिहितो. ते जातात लंडनच्या एका दलाली पेढीला. पगार देते चेन्नईची कंपनी. तिकडे नियम आला की अशा अहवालांचे पैसे दलालीत मिसळायचे नाहीत, वेगळे मागायचे. वेगळे पैसे द्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. तिथले विश्लेषक कमी झाले आणि त्यांचं काम इकडे आलं. अहवालावर नाव लंडनच्या माणसाचं असतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला नाव नसलेलंच बरं वाटतं.

घरून काम करायचं तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो. न छापलेला अहवाल कुणी फोटो काढून बाहेर देऊ नये म्हणून. माझा मोबाइल खालच्या कपाटात असतो आणि मी दुपारपासून माडीवर. ऑफिसचा फोन लॅपटॉपमधून चालतो आणि त्यावरचा शब्द न शब्द रेकॉर्ड होतो. हा नंबर मी अक्काला अडीअडचणीसाठी दिला होता. तिला रोजच अडचण असे, तीही दुपारी, सुना निजल्यावर.

"जेवलास कीं नाहीं? मजला खरें सांग."

"जेवलों, अक्का."

"काय जेवलास?"

"रसम."

"रसम म्हणजे जेवण? तुझा तो सिमेंटवाला तरी पोटभर खातो कीं तोही तुजसारखाच?"

"अक्का, त्याचं बोलूं नकोस. हें सगळं ऐकतात."

"ऐकूं देत. रसमांत मीठ घालावें हें त्यांसही कळूं दे."

असंच एक बोलणं पकडलं गेलं. कॉल तपासणाऱ्या यंत्राला भाषा ओळखता आली नाही, फक्त 'सिमेंट' हा शब्द कळला. मी ज्या कंपनीवर लिहितो तिच्याविषयी अनोळखी भाषेत बोलणं, म्हणजे आतली बातमी फुटत असावी. कंप्लायन्सने, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या खात्याने, मला भाषा विचारून पुण्याचा एक अधिकारी ऐकायला बसवला. त्याचा फोन आला.

"साहेब, तुम्ही मराठी म्हणून लिहून दिलंयत, पण मला निम्मंच कळलं. कुठली ही मराठी?"

"कुंभकोणमची."

तो हसला. "माझी पणजी असं बोलत असेल. हे बघा, माझी काही तक्रार नाही. पण मी नसलो तर पुढचा माणूस काय ऐकणार? इंग्रजी, हिंदी नाहीतर तमिळ, एवढंच या लाइनवर चालेल."

मला त्या सगळ्या फोनांचा इंग्रजी गोषवाराही द्यावा लागला. 'कौटुंबिक. विषय: जेवण.' प्रत्येकापुढे मी हेच लिहिलं, आणि ते खरं होतं.

अक्काला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"वणक्कम, सार. साप्टींगळा?"

धाकट्या भावाला 'सर, आपण जेवलात का?' असं तमिळमध्ये, आदराने. मी हसलो, तीही हसली. मग तेच रोजचं झालं. ती मला सार म्हणे, मी तिला मॅडम. हळूहळू थट्टा विरली आणि आम्ही खरोखरच तमिळमध्ये बोलू लागलो, बँकेतली दोन माणसं बोलतात तसं. तशा बोलण्यात रसमातल्या मिठाची गोष्ट निघत नाही.

नोकरी सोडायचं मी ठरवलं होतं. अक्काला पसंत होतं. "ये, दुपारीं ओसरीवर बसूं. तेव्हां सुना निजलेल्या असतात," ती एका रविवारी निघताना दारात हळूच म्हणाली. ते मराठीत म्हणाली. नंतर काही आठवड्यांत ती गेली.

तेराव्यानंतर मी पुण्याच्या अधिकाऱ्याला त्याच लाइनवरून फोन केला, नियमाप्रमाणे इंग्रजीत. जुनी रेकॉर्डिंगं मिळतील का, एखादं तरी?

"साहेब, ती आपली नाहीत हो. लंडनच्या पेढीची. कायद्याने काही वर्षं ठेवायची, मग पुसायची. चौकशी निघाली तरच कुणी उघडणार."

"मग निघू दे चौकशी."

"असं बोलू नका. हेही रेकॉर्ड होतंय."

"अर्ज केला तर?"

"करा. मी वर पाठवतो. पण नोकरीत असाल तरच विचारात घेतील. बाहेरच्या माणसाचा अर्ज तर ते उघडणारसुद्धा नाहीत."

तो फोन ठेवेना. मीही ठेवला नाही. मग तो घसा साफ करून म्हणाला, "मी ऐकलंय ना सगळं. जेवलास कीं नाहीं, मजला खरें सांग. असंच म्हणायच्या ना?"

उच्चार पुण्याचा होता. 'मजला' म्हणताना तो अडखळला, पाठ केलेलं म्हणावं तसा. शब्द तिचे होते. मी त्याला सांगितलं, जेवलों. त्या लाइनवर चालत नाही अशा भाषेत. त्याने हरकत घेतली नाही.

अर्ज केला. उत्तर आलेलं नाही. दर तिमाहीला निकाल येतात आणि मी अहवाल लिहितो. राजीनामा लिहून ठेवला आहे, पाठवत नाही. अक्काचा आवाज त्यांच्याकडे आहे, ठेवायची मुदत संपेपर्यंत. मी माडीवर आहे.