भिंतीपलीकडचे दाणे

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही. देवापुढे बाकीचं सगळं बोलते आणि हे तेवढं गिळते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या हातचं कधी खाल्लेलं नाहीत, म्हणून असेल.

मी घाटावरची, फलटणकडची. लग्न होऊन कर्जतला, भिसेगावात आले तेव्हा सासरी जिथंतिथं नारळ. मी हळूहळू दाण्याचं कूट घुसवलं. वांग्यात कूट, काकडीत कूट, आमटीतही कूट. आणि संकष्टीची माझी साबुदाण्याची खिचडी — आळीतले लोक वाटी घेऊन यायचे हो. फुशारकी मारत नाहीये... बरं, मारतेय. त्या फुशारकीपासूनच तर सगळं सुरू झालं.

मग केतकी सून होऊन आली. तिला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे. पोटात गेला तर जिवावर बेततं, असं तिच्या आईनं लग्नाआधीच बजावलं होतं. मी मान डोलावली. तिच्यासाठी वेगळी कढई, वेगळं उलथनं, वेगळं तेल. कुटाऐवजी खोबरं, कधी भाजलेले तीळ, कधी भोपळ्याच्या बिया. सगळं शिकले. चांगली सासू म्हणून मिरवलेही. पण मनात? मनात हेच — आमच्याकडे पोरं दाण्यावर वाढली, एवढ्याशा दाण्यानं माणूस मरतं होय?

शेजारच्या मंदावहिनींना असला प्रश्न पडला नाही. त्यांची आमची भिंत एक; या बाजूला माझा ओटा, त्या बाजूला त्यांचा. केतकी त्यांच्याकडे जायची-यायची, म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातूनही दाणे हद्दपार केले. "पोरगी येते-जाते, इखाची परीक्षा कशाला गं घ्याची?" म्हणाल्या.

एका संकष्टीला नितीननं, माझ्या मुलानं, पानातली माझी खिचडी बाजूला सारली आणि केतकीच्या कढईतली मागितली. "नारळाची हलकी वाटते गं आई." एवढंच बोलला तो. एवढ्यावरून कुणी —? हो. एवढ्यावरूनच.

पुढच्या संकष्टीला — कसं सांगू? — दोन्ही कढया समोर होत्या. माझ्या बोटांना कूट लागलेलं होतं. चूक टाळायची असती तर मी बोटं धुतली असती. धुतली नाहीत. उलट डब्यातून आणखी चिमूटभर घेतलं, तिच्या कढईत सोडलं, ढवळलं. नखरे आहेत की खरं आहे, एकदा कळू दे, असं स्वतःला म्हटलं. तेही खोटंच. मला काही कळून घ्यायचं नव्हतं, मला तिला खोटं पाडायचं होतं.

दोन घासांत तिचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या. घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. नितीननं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन मिळालं, वाचली. घरी आल्यावर एकच चर्चा — दाणा आला कुठून? खिचडीच्या जरा आधी तिनं मंदावहिनींनी दिलेला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला होता. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"लाडूतच असणार," मी म्हणाले.

वहिनी दारात आल्या. रडत नव्हत्या, नुसत्या गोंधळलेल्या. "मी दाना नाय घातला गं. घरात दानाच नाय, तर घालीन कुठून? तू तरी सांग यांना." मी ओटा पुसत राहिले. नितीननं दार लावून घेतलं. त्यानंतर वहिनींनी कुणाच्याच घरी काही धाडलं नाही. पुढे खालापूरला लेकीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. इथल्या घराला कुलूप आहे.

माझ्या घरात तेव्हापासून दाणा आलेला नाही. डबा, मिक्सरचं भांडं, सगळं भंगारात दिलं. तरी संकष्टीला दुपारी मी कढई ठेवली की वास येतो. दाणे भाजल्याचा, जरासे करपायला आल्याचा. मनाचा खेळ म्हणून सोडून दिलं. मग खिडक्या लावून पाहिल्या. वास खिडकीतून येतच नव्हता. भिंतीला नाक लावलं, तर तिथून. हात लावला, भिंत कोमट. ऊन असेल म्हणाल, पण त्या भिंतीला ऊन लागत नाही. मी जाऊन वहिनींचं कुलूपसुद्धा पाहून आले. गंजून एकजीव झालंय. ज्या घरातून माझ्या सुनेसाठी दाणा घालवला होता, त्या घरातून हा वास. मला भीती वाटते. खरंच सांगते, फार वाटते. पण निदान तो मला एकटीलाच येतो, असं मी धरून चालले होते.

गेल्या संकष्टीला केतकी स्वयंपाकघराच्या दारात थबकली. चेहरा पांढरा पडलेला.

"आई, कुणी दाणे भाजतंय का हो?"

"नाही गं," मी म्हणाले. "कुणी नाही."

तिनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हसली. पाट ओढून बसली. "खिचडी तुम्ही केलीय ना, मग मला भीती नाही. बाहेरच्यांचं मात्र नको बाई. मंदाकाकूंचंच बघा ना, किती जीव लावायच्या, आणि..." बोलता बोलता तिनं घास घेतला.

मी समोर बसून तिचे ओठ पाहत होते. भिंतीपलीकडे कढईत उलथनं फिरल्यासारखं वाजत होतं. सांगायला तोंड उघडलं होतं मी. तिनं आणखी थोडी मागितली. मी वाढली.