सुरमईकाका

कुठलाही मासा खाल्ला की काका आधी डोळे मिटत आणि मग म्हणत, "छान आहे, पण सुरमई नाही." ऑकलंडमध्ये इतकी वर्षं काढूनही त्यांचं हे वाक्य बदललं नाही. म्हणून आम्ही सगळे त्यांना सुरमईकाकाच म्हणायचो.

काका मूळचे मालवणचे. पेनरोजच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. काकी गेल्यावर हिल्सबरोच्या घरातली मागची खोली त्यांनी मला भाड्याने दिली. मी तेव्हा शिकत होते. एकट्यापुरता स्वयंपाक करायला त्यांना आवडत नसे. "एकट्याने खाल्लं की पोट भरतं, जेवण होत नाही," म्हणायचे आणि मला हाक मारायचे.

रविवारी ते शेजारच्या ब्रूसबरोबर त्याच्या बोटीतून मासेमारीला जात. ब्रूसने एकदा हातभर लांब किंगफिश काढला आणि म्हणाला, "धिस इज द किंग, मेट!" काकांनी तो प्रेमाने साफ केला, तळला, ब्रूसला वाढला आणि डोळे मिटले. पुढचं वाक्य ब्रूसनेच म्हटलं, तेही मराठीत.

माझे बाबा रत्नागिरीत अचानक गेले. तिकीट मिळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आले तेव्हा घरात कोकमाचा वास होता. भारतीय दुकानातून आणलेली गोठवलेली सुरमई काकांनी तळली होती. त्यांनी आधी एक वेगळं पान वाढलं.

"हे कुणाला?"

"तुझ्या बाबांना. आवडायची ना त्यांना? मग आधी त्यांना."

तोवर मी रडले नव्हते. त्या पानासमोर बसून रडले. काका माझ्या ताटात भात कालवत राहिले.

पुढे मी लग्न करून ऑकलंडच्याच दुसऱ्या टोकाला, अल्बनीला गेले. गेल्या वर्षी काका लेकीकडे फ्लोरिडाला गेले, दोन महिन्यांसाठी म्हणून. एका सकाळी बसमध्ये असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. हातात चकचकीत, लांबलचक मासा.

"बाय, बघ! अटलांटिकची सुरमई! जावयाबरोबर बोटीवर गेलेलो. हिच्या अंगावर पट्टे नाहीत, आपल्या सुरमईपेक्षा धिप्पाड आहे, पण चव अगदी घरची. आणि गंमत म्हणजे, हे लोक हिलाच किंगफिश म्हणतात!"

"ब्रूसला सांगते. काका, परत कधी येताय?"

मासा खाली गेला. पडद्यावर नुसता त्यांचा चेहरा उरला.

"नात दुसऱ्या कुणाच्या हातून जेवतच नाही गो," ते हळूच म्हणाले. विचारत असल्यासारखे.

"मग राहा की काका," मी म्हणाले.

माझा स्टॉप मागे गेला होता. मी उतरले आणि उलट दिशेने चालत राहिले.