मोरचूद

"अहो बाई, हे कॉलेज आहे. गोठा नाही."

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मुलं बाक बडवून, मुली तोंडासमोर वह्या धरून. मी उभीच. काय चुकलं तेच कळेना.

सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं होतं, CuSO₄·5H₂O. विचारलं, "याचं व्यवहारातलं नाव कोण सांगेल?" एकाचाही हात वर नाही. माझा गेला. अकरावी सायन्सला येऊन तीन आठवडे झाले होते. इंग्रजीतलं निम्मं डोक्यावरून जायचं. आणि आज पहिल्यांदा असं काही विचारलं होतं, जे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. मी मोठ्यानं म्हटलं, "मोरचूद."

एवढाच गुन्हा.

त्या शब्दाच्या शेपटात त्यांना शिवी ऐकू आली. मला जन्मात कधी आली नव्हती. आमच्या लोणी काळभोरला द्राक्षांवर फवारायचं निळं औषध म्हणजे मोरचूद. दुकानदार म्हणतो, बागेचा मालक म्हणतो, शेंबडी पोरंसुद्धा म्हणतात. कुणी हसत नाही. मग इथंच काय झालं यांना?

सर हसले नाहीत. ते वाईट. हसले असते तर मीही हसले असते कदाचित. त्यांनी विचारलं, "आडनाव काय आपलं?"

सांगितलं.

"हं. तरीच."

त्या एका शब्दात सगळं आलं. मग म्हणाले, "ब्लू व्हिट्रिऑल म्हणतात त्याला. बाहेर उभ्या राहा."

तासभर व्हरांड्यात उभी होते. येणारे-जाणारे बघत होते. तास संपल्यावर सरांनी हातात एक छापील अर्ज ठेवला. शाखा बदलण्याचा. "आर्ट्सला जा. झेपेल असं करावं माणसानं. सोमवारी पालकांची सही घेऊन या."

त्या आठवड्यात मी जिन्यावर दिसले की पोरं हळूच "मोर" म्हणायची आणि पुढचं गिळायची. मग खिदळायची. मी तोंड शिवलं. प्रॅक्टिकलला परीक्षानळीसुद्धा मागितली नाही. घरी येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसायचे. स्वतःचाच राग यायचा. कशाला हात वर केलास, भवाने?

रविवारी आईबरोबर मालकाच्या बागेत गेले. ती तिथं मजुरीला. औषध कालवायचं काम तिचंच, कारण तिच्याइतकं नेमकं कुणाला जमत नाही. एका पिंपात मोरचूद भिजवलेलं, दुसऱ्यात चुना. दोन्ही तिसऱ्यात ओतायचं आणि काठीनं ढवळायचं. आईच्या नखांच्या कडा कायमच्या हिरव्या-निळ्या. चुन्यानं बोटं उललेली.

तिनं विळा घेतला आणि द्रावणात बुडवला. थोड्या वेळानं बाहेर काढला. पात्यावर तांबूस थर चढला होता.

"अजून खातंय," आई म्हणाली. "चुना घाल मूठभर."

घातला. ढवळलं. तिनं विळा मातीनं घासून परत बुडवला. या वेळी पातं होतं तसंच राहिलं. "आता पान जळायचं न्हाई," म्हणाली.

मी बघतच राहिले. हेच तर पुस्तकात होतं! लोखंड तांब्याला द्रावणातून हुसकावतं. एवढ्या मोरचुदाला एवढाच चुना, कमी पडला की मोरचूद शिल्लक उरतं. पुस्तकाला दोन पानं लागली होती. आईला एक विळा लागला.

"कॉलेजात काय शिकवत्यात गं?" आईनं विचारलं.

"हेच."

"मग तुला येत असंल की समदं."

मला रडूच फुटलं. पिशवीतून अर्ज काढला आणि सगळं सांगून टाकलं. आई सही करत नाही, अंगठा उठवते. तिनं ओला अंगठा लुगड्याला पुसला. मला वाटलं, उठवतेय आता. मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. सुटले असते.

आई म्हणाली, "मोरचूद म्हणलीस, त्यात काय वाकडं? मग काय म्हणायचं त्याला, निळूबाई?"

"ब्लू व्हिट्रिऑल."

"आगं बया." ती हसली. मग एकदम हसायची थांबली. "माझं हात जळालं त्या मोरचुदानं. तुझ्या मास्तराला ऐकवत न्हाई, तर त्यानं कान झाकावं. तू का तोंड झाकतीस? अंगठा न्हाई मिळायचा."

आणि परत ढवळायला लागली.

सोमवारी सरांनी फळ्यावर गणित घातलं. कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक, अडीचशे मिलीलिटर द्रावण, दशांश मोलर. किती ग्रॅम घ्याल? पहिल्या बाकावरची सदाशिव पेठेतली हुशार मुलगी उठली आणि तिनं फटाफट सोडवलं. तीन पूर्णांक नव्याण्णव. सरांनी विचारलं, "मान्य?" वर्ग म्हणाला, "येस सर."

मग त्यांना मी दिसले. "काय बाई, अर्ज आणलात?"

"नाही. आणि ते उत्तर चूक आहे."

"असं? या, आम्हाला शिकवा."

मी फळ्याशी गेले. खडू दोनदा मोडला. तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, ऑक्सिजन चौसष्ट. बेरीज एकशे साडेएकोणसाठ. तिनं इथंच थांबवलं होतं. "हिनं पाणी धरलंच नाही," मी म्हटलं. "निळ्या खड्यात पाच पाणी असतं. त्याचे नव्वद. झाले दोनशे साडेएकोणपन्नास. त्याचा चाळिसावा भाग, सव्वासहाला थोडं कमी. सहा पूर्णांक चोवीस."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. "उत्तर बरोबर आहे." मग ओठ मुडपून म्हणाले, "सहा पूर्णांक चोवीस ग्रॅम... कशाचे?"

सगळ्यांना कळलं ते काय विचारतायत. मागून कुणीतरी आत्तापासूनच खुसखुसायला लागलं. ब्लू व्हिट्रिऑल म्हटलं असतं तर बसायला मिळालं असतं. शाबासकीही मिळाली असती.

"मोरचुदाचे," मी म्हटलं.

हसले. सगळेच, पण मागच्यापेक्षा कमी.

"बाहेर."

"नाही जाणार, सर. उत्तर बरोबर आहे, तुम्हीच म्हणालात."

मी जाऊन पहिल्या बाकावर बसले. त्या हुशार मुलीनं दप्तर उचलून मला जागा दिली. का दिली, तिलाच ठाऊक. सरांनी डस्टर उचललं. मग फळा पुसायला वळले.

पुढच्या आठवड्यात जर्नल तपासून आलं. मी जिथं जिथं मोरचूद लिहिलं होतं, तिथं तिथं तांबडी काट. दहा ठिकाणी. मी प्रत्येक काटेखाली तोच शब्द परत लिहिला आणि जर्नल परत सरांच्या टेबलावर ठेवलं. ते काटतील. काटू देत. मी लिहीन.

अर्ज अजून माझ्याकडे आहे. पुढची बाजू न भरलेली, अंगठ्याची जागा रिकामी. मागच्या बाजूला मी गणितं सोडवते.