सारवलेलं अंगण

हरसूलच्या रस्त्यावर, शहराच्या इमारती संपून भातखाचरं सुरू होतात तिथे त्या बाई राहतात. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. काही वर्षांपूर्वी कृषी पर्यटनाच्या योजनेसाठी त्यांची जागा तपासायला मी गेलो होतो. बाई अंगण सारवत होत्या.

"फरशी घाला, नाहीतर इथे कोण येईल?" मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला नाही. "फरशी त्यांच्या घरी हायच की, साहेब. ती बघायला इथवर कशाला येतील?"

मी शेरा लिहिला, जागा अयोग्य. तो शेरा मला अजून टोचतो.

गेल्या रविवारी बायकोला घेऊन गेलो. कुंपणाबाहेर गाड्यांची रांग होती आणि सातपूरच्या कारखान्यांतले इंजिनिअर शेणाने हात माखून अंगण सारवत होते. त्याशिवाय बाई नागलीची भाकरी वाढत नाहीत.

त्यांनी मला लगेच ओळखलं. मी माफी मागू लागलो, तेव्हा शेणाची पाटी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "बाह्या वर करा, साहेब. आधी सारवायचं, मग बोलायचं. तो कोपरा राहिलाय."

बायको हसत होती. मी उकिडवा बसलो. इतकं पोटभर मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो.